ॲन्स्ट्रदर येथील तळलेल्या माशांचें दुकान

ज्या वस्तू नित्य आपल्या डोळ्यांपुढें असतात त्यांचा इतिहास शोधण्याची इच्छा आपणांस सहसा होत नाहीं. राजांच्या लढाया व तहांचीं वर्षें आपण पाठ करितों. परंतु गरिबाच्या ताटांतील घांस कोठून आला, कोणकोणत्या हातांतून आला, आणि पुढेंही तो असाच येत राहील कीं नाहीं, हा प्रश्न आपल्या मनांत येत नाहीं. वस्तुतः हाही इतिहास लढायांच्या इतिहासाइतकाच बोधप्रद आहे. या लेखांत अशाच एका साध्या पदार्थाची व तो विकणाऱ्या एका दुकानाची हकीकत विद्यार्थ्यांपुढें ठेवण्याचा विचार आहे. पदार्थ म्हणजे तळलेला मासा व बटाट्याचे तळलेले काप. आणि दुकान स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील ॲन्स्ट्रदर या कोळ्यांच्या जुन्या गांवांतलें.

एडिंबरो शहराच्या उत्तरेस जी रुंद खाडी आहे तिला फर्थ ऑफ फोर्थ म्हणतात. तिच्या पलीकडच्या तीरावर फाइफ नांवाचा प्रांत असून त्याच्या पूर्वेकडील टोंकाजवळ क्रेल, ॲन्स्ट्रदर, पिटन्‌वीम, सेंट मोनन्स अशीं लहान लहान बंदरें एका ओळीनें लागलेलीं आहेत. ॲन्स्ट्रदरची वस्ती अवघी तीन-चार हजारांची. दगडी धक्के, धक्क्यास लागून एक रस्ता, रस्त्याच्या कडेनें दाटीवाटीनें उभीं असलेलीं जुनीं घरें, आणि समोर समुद्रांत दूरवर दिसणारें मे नांवाचें बेट, अशी त्या गांवाची ठेवण आहे.

धक्क्यासमोरील या रस्त्यास शोअर स्ट्रीट म्हणतात, व त्यावरच ‘ॲन्स्ट्रदर फिश बार’ हें दुकान आहे. बाहेरून पाहतां त्यांत विशेष कांहीं दिसत नाहीं. परंतु इ. स. २००८-०९ च्या राष्ट्रीय स्पर्धेंत सबंध ब्रिटनमधील अशा दुकानांत यास पहिला मान मिळाला. उन्हाळ्याच्या दिवसांत तेथें गिऱ्हाइकांची रांग दाराबाहेर रस्त्यापर्यंत जाते. कांहीं मंडळी आंत टेबलाशीं बसतात; पुष्कळजण गरम पुडा हातांत घेऊन धक्क्याजवळ बसून खातात, व समुद्रपक्षी त्यांच्या घांसावर टपून असतात. लक्षाधीश आला तरी त्यास रांगेंतच उभें राहावें लागतें, आणि मजूर आला तरी त्यास तोच मासा, त्याच तेलांतला, मिळतो. या पदार्थाची ही समानवृत्ति प्रथमच लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

स्कॉटलंडांत या जोडीस ‘फिश सपर’ म्हणतात. सपर म्हणजे रात्रीचें जेवण. पण दुपारीं घेतलें तरी नांव तेंच राहतें. इंग्लंडांत बहुतेक ठिकाणीं कॉड नांवाचा मासा पसंत करितात, तर स्कॉटलंडांत हॅडक. हे दोन्ही मासे एकाच कुळांतले असून उत्तर अटलांटिक महासागराच्या थंड पाण्यांत तळाजवळ राहतात. हॅडक ओळखण्यास सोपा. त्याच्या अंगावरून एक काळी रेघ जाते व खांद्याशीं आंगठ्याच्या ठशासारखा एक काळा डाग असतो. मत्तयाच्या शुभवर्तमानांत पेत्रानें माशाच्या तोंडांतून नाणें काढल्याची जी गोष्ट आहे, त्या वेळीं उमटलेला पेत्राच्या बोटांचा हा ठसा होय, असें तिकडील कोळी सांगत आले. ही अर्थातच लोककथा; कारण गालीलचें सरोवर गोड्या पाण्याचें आहे आणि हॅडक खाऱ्या पाण्यावांचून जगत नाहीं. तथापि कोळ्यांनीं आपल्या मासळींत पेत्राची खूण पाहावी यांत नवल नाहीं, कारण पेत्र त्यांच्याच धंद्याचा होता.

आतां तळण्याची कृति पाहूं. आपल्याकडे भजीं ज्या तत्त्वावर तळतात तेंच तत्त्व येथेंही आहे. फरक इतकाच कीं, डाळीच्या पिठाऐवजीं गव्हाचें पीठ घेतात. मासा साफ करून, कांटे काढून, त्याच्या एका बाजूचा सबंध तुकडा घेतात. पीठ व थंड पाणी एकत्र कालवून तें सरसरीत करितात. तें हलकें व्हावें म्हणून कोणी त्यांत खाण्याचा सोडा घालितात, कोणी बिअर घालितात. माशाचा तुकडा त्यांत बुडवून सुमारें १८० ते १९० अंश सेंटिग्रेड तापलेल्या तेलांत अलगद सोडतात. पुष्कळ दुकानांत वनस्पतींचें तेल असतें. स्कॉटलंड व उत्तर इंग्लंड येथील कित्येक जुन्या दुकानांत गुरांची चरबी वापरण्याची चाल अद्याप आहे.

तेलांत पडतांच पिठांतील पाण्याची वाफ होऊन ती जोरानें बाहेर पडूं लागते. कढईंत जे बुडबुडे दिसतात ते या वाफेचे; तेल स्वतः उकळत नसतें. बाहेर धांवणारी ही वाफ तेलास आंत शिरूं देत नाहीं. इतक्यांत पिठाचें कवच कडक होतें, व त्याच्या आंत मासा आपल्याच ओलाव्यांत वाफेवर शिजतो. म्हणजे बाहेरून तळलेला दिसणारा मासा आंतून वस्तुतः उकडलेला असतो. तेल पुरेसें तापलेलें नसेल तर वाफेचा जोर कमी पडतो, कवच उशीरा धरतें आणि पदार्थ तेलकट होतो. उलट तें फाजील तापलें तर कवच करपतें व आंतील मासा कच्चा राहतो. एकदम फार तुकडे सोडले तरी तेल निवतें. म्हणून अशा दुकानाची कीर्ति कोणत्याही गुप्त मसाल्यावर अवलंबून नसते. ती माशाचा ताजेपणा, तेलाची योग्य उष्णता व तें वेळच्या वेळीं गाळण्या-बदलण्यांतील प्रामाणिकपणा यांवर अवलंबून असते. शिळें तेल आणखी एक दिवस चालविण्याचा मोह दुकानदारास रोज होत असेल. तो मोह जो रोज जिंकतो त्याचेंच दुकान टिकतें.

बटाट्याचीही गोष्ट अशीच आहे. त्याचे बोटाएवढे जाड काप करितात. जाड कापास वजनाच्या मानानें पृष्ठभाग कमी असतो, म्हणून तो तेलही कमी पितो. काप पाण्यांत धुऊन त्यांवरील पिष्ट काढून टाकितात. न काढलें तर ते एकमेकांस चिकटतात. बटाटा पिठूळ जातीचा लागतो, आणि तो फार थंड जागीं सांठविलेला नसावा लागतो. कारण थंडींत बटाट्यांतील पिष्टाची साखर होऊं लागते, व साखर वाढली कीं काप आंत शिजण्यापूर्वींच बाहेरून काळवंडतात. तयार झालेल्या पदार्थावर मीठ व जवापासून केलेला शिरका शिंपडतात. पूर्वीं हें सर्व जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून देत असत. छापण्याच्या शाईचा अन्नास स्पर्श होऊं नये म्हणून ती चाल आतां गेली असून त्या जागीं कोरा कागद व पुठ्ठ्याचे खोके आले आहेत.

मासा व बटाटा यांची ही जोडी आज इतकी इंग्रजी वाटते कीं, ती त्या बेटावरच जन्मली असावी असें कोणीही म्हणेल. परंतु दोघेही परदेशचे पाहुणे आहेत. पीठ लावून तळलेला मासा इंग्लंडांत आणला तो स्पेन व पोर्तुगाल या देशांतून छळामुळें बाहेर पडलेल्या यहुदी लोकांनीं, असें सामान्यतः मानतात. शब्बाथाच्या दिवशीं चूल पेटवावयाची नाहीं, म्हणून आदल्या दिवशीं मासा तळून ठेवून तो दुसऱ्या दिवशीं थंडच खाण्याची त्यांची चाल होती. डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ (इ. स. १८३७-३९) या कादंबरींत लंडनच्या एका गरीब वस्तींतील तळलेल्या माशांच्या वखारीचा उल्लेख आहे, त्यावरून त्या काळीं हा धंदा तेथें रूढ झाला होता हें दिसतें. बटाटा तर मूळचा दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतांतला. स्पॅनिश लोकांनीं तो सोळाव्या शतकांत युरोपांत नेला. आपल्याकडे तो पोर्तुगीजांबरोबर आला, व ‘बटाटा’ हा आपला शब्दही त्यांच्याच भाषेंतला आहे. निर्वासित यहुद्यांचा मासा व अमेरिकेंतील रानकऱ्यांचा बटाटा हे दोघे इंग्लंडच्या मजुराच्या हातांत एकत्र आले, ही गोष्ट ‘आमचें’ व ‘परक्यांचें’ असा भेद करणाऱ्यांनीं ध्यानांत घेण्यासारखी आहे.

ही जोडी प्रथम कोणीं जमविली याविषयीं दोन पक्ष आहेत. लंडनच्या पूर्व भागांत जोसेफ मॅलिन नांवाच्या यहुदी मनुष्यानें इ. स. १८६० च्या सुमारास असें पहिलें दुकान काढलें, असें एक पक्ष म्हणतो. लँकेशायरमधील मॉसली येथें जॉन लीझ यानें इ. स. १८६३ च्या सुमारास तें काढलें, असें दुसरा म्हणतो. वादाचा निर्णय कांहींही होवो. दोघांचा काळ जवळजवळ एकच आहे, आणि त्याचें कारण उघड आहे. त्या सुमारास आगगाडीचे रस्ते बंदरांपासून गिरण्यांच्या गांवांपर्यंत पोहोंचले होते, आणि बर्फांत घातलेला मासा एका रात्रींत समुद्रापासून दूरच्या शहरांत जाऊं लागला होता. पुढें इ. स. १८८० नंतर वाफेवर चालणाऱ्या मासेमारीच्या जहाजांचा प्रसार झाला. तीं ट्रॉल नांवाचें पिशवीसारखें मोठें जाळें समुद्राच्या तळावरून ओढीत नेत, व वाऱ्याची वाट न पाहतां दूरवर जात. त्यामुळें मासा मुबलक व स्वस्त झाला.

गिऱ्हाईकही तयार होतें. कापसाच्या गिरण्यांत नवरा व बायको दोघेंही दिवसभर राबत. घरीं आल्यावर चूल पेटविण्यास ना वेळ, ना सर्पण, ना अंगांत त्राण. अशा वेळीं थोड्या पैशांत गरम, पोटभर व सत्त्वयुक्त अन्न कोपऱ्यावर मिळूं लागलें, ही त्या कुटुंबांवर मोठी कृपाच झाली. इ. स. १९१० च्या सुमारास ब्रिटनमध्यें अशीं सुमारें २५,००० दुकानें होतीं, व इ. स. १९३० पूर्वीं ती संख्या ३५,००० पर्यंत गेली. दुसऱ्या महायुद्धांत लोणी, साखर, मांस, चहा इत्यादि जिन्नस शिधापत्रिकेवर मोजून मिळत. परंतु मासा व बटाट्याचे काप यांवर सरकारनें असा निर्बंध घातला नाहीं. श्रमकऱ्यांचा धीर राखण्यास या साध्या पदार्थानें हातभार लाविला.

असें असूनही या धंद्यास बराच काळ प्रतिष्ठा नव्हती. तळणाच्या वासामुळें शेजारी कुरकुर करीत, व कोठें कोठें तर कायद्यानेंच त्याची गणना उपद्रवी धंद्यांत होत असे. स्कॉटलंडांत हें काम पुढें ज्यांनीं मोठ्या प्रमाणांत उचललें ते इटलींतून आलेले गरीब लोक होते. त्यांपैकीं पुष्कळजण टस्कनी प्रांतांतील बार्गा या गांवाच्या आसपासचे. परभाषा, परधर्मपंथ व रात्रीं उशीरापर्यंतचे कष्ट सोसून त्यांनीं आपल्या मुलांस शिकविलें. ज्या धंद्यास लोक नाक मुरडीत तोच आज त्या देशाचा अभिमान म्हणून प्रवाशांस दाखविला जातो. कोणतेंही प्रामाणिक काम स्वतः हलकें नसतें. तें हलकें ठरविणाऱ्यांची दृष्टि मात्र पुष्कळदां हलकी असते.

येथवर दुकानाची बाजू झाली. आतां दुकानाकडे पाठ करून समोरच्या धक्क्याकडे पाहिलें पाहिजे, कारण या हकीकतीचा अधिक गंभीर भाग तेथें आहे.

आज ॲन्स्ट्रदरच्या बंदरांत बहुतेक हौसेच्या होड्या दिसतात. खेकडे व शेवंडे धरणाऱ्या थोड्या लहान बोटी सोडल्या तर मासेमारीची वर्दळ उरलेली नाहीं. परंतु एके काळीं हें बंदर हेरिंग माशासाठीं प्रसिद्ध होतें. हेरिंग हा आपल्या तारलीचा भाऊबंद. तो थव्यांनीं फिरतो. दर हिंवाळ्यांत त्याचे थवे फोर्थच्या खाडींत येत, व रात्रीं पाण्यांत भिंतीसारखीं उभीं सोडलेलीं जाळीं भरून निघत. पकडलेला मासा लगेच साफ करून मिठांत घालावा लागे. हें काम बायका करीत. तिघींची एक टोळी असे. दोघी मासा चिरून साफ करीत व तिसरी पिंपांत मिठाचे थर देऊन तो रचीत असे. सुरीनें बोटें कापूं नयेत म्हणून त्या बोटांस चिंध्या बांधीत. थव्यांच्या मागोमाग त्या शेटलंडच्या बेटांपासून इंग्लंडांतील यारमथपर्यंत शेंकडों मैल जात. इ. स. १९०७ साली स्कॉटलंडांतून अशीं सुमारें २५ लक्ष पिंपें परदेशीं गेलीं. मुख्य गिऱ्हाइकें जर्मनी व रशिया हीं होतीं.

त्या काळीं समुद्राची संपत्ति संपेल अशी शंकाही कोणास येत नसे. इ. स. १८८३ मध्यें लंडन येथें भरलेल्या मत्स्यव्यवसायाच्या प्रदर्शनांत हक्स्ले या विख्यात शास्त्रज्ञानें, मोठ्या सागरी मासेमारींचे सांठे बहुधा अक्षय असावेत, असें मत मांडलें. त्या दिवसांतील साधनें पाहतां तें मत अगदींच निराधार नव्हतें. परंतु यंत्रें वाढलीं, जाळीं वाढलीं, आणि मत मात्र तसेंच राहिलें. पहिल्या महायुद्धानें व रशियांतील क्रांतीनें हेरिंगची बाजारपेठ मोडली, आणि इ. स. १९४० नंतरच्या दशकांत फोर्थच्या खाडींतील हिंवाळी हेरिंगच येईनासा झाला. पुढें विस्तीर्ण उत्तर समुद्रांतही तो इतका घटला कीं, इ. स. १९७७ मध्यें तेथें हेरिंग धरण्याची बंदीच करावी लागली. ॲन्स्ट्रदर येथें इ. स. १९६९ पासून मत्स्यव्यवसायाचें एक संग्रहालय आहे, व ‘रीपर’ नांवाची हेरिंगची एक जुनी शिडाची नौका त्यानें जतन केली आहे. ज्या नौका एके काळीं गांवाचें पोट भरीत त्यांपैकीं एक आतां पाहण्याची वस्तु झाली आहे!

अशा रीतीनें बंदराचा धंदा गेला व दुकान मात्र उरलें. आणि त्या दुकानांत तळला जाणारा मासा समोरच्या खाडींतून येत नाहीं. ब्रिटनमधील अशा दुकानांचा हॅडक कांहीं अंशीं स्कॉटलंडच्या ईशान्येस पीटरहेडसारख्या मोठ्या बंदरांत उतरतो. कॉड तर बहुतांशीं आइसलँड, नॉर्वे व त्यापलीकडील बॅरेंट्स समुद्र येथून, पुष्कळदां जहाजावरच गोठवून, आणतात. या माशासाठीं राष्ट्रांत कलह झाले आहेत. आइसलँडनें आपल्या किनाऱ्यापासून समुद्राची हद्द क्रमाक्रमानें वाढवीत इ. स. १९७५ मध्यें ती २०० मैलांपर्यंत नेली, तेव्हां दोन्ही देशांचीं जहाजें एकमेकांवर आदळलीं, जाळीं कापलीं गेलीं, अखेर इ. स. १९७६ मध्यें ब्रिटननें माघार घेतली. आमच्याजवळ थोडें आहे, तें आम्हांस जपलें पाहिजे, असें आइसलँडचें म्हणणें होतें.

जपलें नाहीं तर काय होतें याचें उदाहरण अटलांटिकच्या पलीकडे सांपडतें. कॅनडांतील न्यूफाउंडलंडच्या समुद्रांत कॉडचे थवे शतकानुशतकें प्रसिद्ध होते. इ. स. १९९२ मध्यें ते इतके क्षीण झाल्याचें आढळलें कीं, सरकारास तेथील मासेमारी एकाएकीं बंद करावी लागली, व सुमारें ३०,००० लोकांचा रोजगार एका आज्ञेनें गेला. ती बंदी तीस वर्षांहून अधिक काळ चालली. याच्या उलट, उत्तर समुद्रांतील हेरिंगची बंदी वेळेवर झाली व कांहीं वर्षें नेटानें पाळली गेली. त्यामुळें तो मासा पुन्हां वाढला, आणि इ. स. १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत बंदी क्रमानें उठवितां आली. दोन समुद्र, दोन मासे, आणि दोन निराळे परिणाम. मध्यें फरक काय तो वेळीं घेतलेल्या संयमाचा.

या सर्वांचा भार शेवटीं गरिबाच्या पुड्यावरच येतो. मासा दुर्मिळ झाला कीं तो महागतो. इ. स. २०२२ मध्यें रशियानें युक्रेनवर स्वारी केली, तेव्हां युक्रेनमधून येणारें सूर्यफुलाचें तेल तुटलें, इंधन महाग झालें, व रशियाच्या पांढऱ्या मासळीवर ब्रिटननें शेंकडा ३५ जादा जकात बसविली. मासा, तेल व आंच हे या धंद्याचे तीन आधार. तिन्ही एकाच वर्षीं डळमळले, आणि कित्येक दुकानांस टाळें लागलें. ज्या देशांत एके काळीं अशीं ३५,००० दुकानें होतीं तेथें आज सुमारें दहा हजार उरलीं आहेत. जो पदार्थ मजुराचें स्वस्त जेवण म्हणून जन्मला, तो आतां मजुरास विचार करून घ्यावा लागतो.

आपल्या वाचकांपैकीं कोणी म्हणेल कीं, फाइफच्या किनाऱ्यावरील या गोष्टीशीं आमचा काय संबंध? संबंध आहे, व तो जुना आहे. ॲन्स्ट्रदरच्या पश्चिम धक्क्यावरील दीपगृह ज्यांच्या स्मरणार्थ बांधलें आहे ते डॉ. टॉमस चामर्स इ. स. १७८० मध्यें याच गांवीं जन्मले. इ. स. १८४३ मध्यें स्कॉटलंडची फ्री चर्च स्थापन झाली तिचे ते पुढारी होते, मुंबईचे डॉ. जॉन विल्सन हेही त्या वर्षीं त्याच मंडळीस मिळाले. त्यापूर्वीं चामर्स हे ॲन्स्ट्रदरपासून नऊ-दहा मैलांवरील सेंट अँड्र्यूज येथें प्राध्यापक असतां त्यांच्या शिकवणीनें कित्येक विद्यार्थी हिंदुस्थानांत मिशनकार्यास आले. कलकत्त्याचे अलेक्झांडर डफ हे त्यांतलेच. आणि रॉबर्ट नेस्बिट हेही त्यांतलेच. नेस्बिट इ. स. १८२७ मध्यें इकडे आले व आरंभीं कोकणांत हर्णै-बाणकोटच्या भागांत राहून त्यांनीं मराठी अशी आत्मसात केली कीं, तीवरील त्यांच्या प्रभुत्वाची ख्याति दूरवर झाली. ज्यानें फाइफच्या कोळ्यांचीं बंदरें जवळून जाणलीं, त्यास हर्णैच्या पुळणीवरील होड्या व मासळीच्या पाट्या पाहून तो देखावा अगदींच परका वाटला नसेल.

हर्णै येथें आजही पुळणीवर मासळीचा लिलाव होतो. परंतु तेथील व सर्व कोकणच्या कोळ्यांच्या तोंडीं आज जी तक्रार आहे ती ॲन्स्ट्रदरच्या आजोबांच्या तोंडीं होती तीच आहे: मासा पूर्वींसारखा मिळत नाहीं. पापलेट इतका कमी झाला कीं, लोकांचें लक्ष त्याच्या रक्षणाकडे वेधावें म्हणून महाराष्ट्र सरकारनें इ. स. २०२३ मध्यें त्यास राज्यमासा म्हणून जाहीर केलें. आपले पूर्वज पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवीत व नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण केल्यावरच पुन्हां बाहेर पडत. त्या चालींत वादळाचें भय होतें हें खरें. पण माशांस अंडीं घालण्यास व पिलें वाढण्यास त्या विसाव्यांत आपोआप सवड मिळत असे. आज १ जून ते ३१ जुलै यंत्रावर चालणाऱ्या बोटींस कायद्यानें बंदी आहे ती याच हेतूनें. हा नियम चोरून मोडणारा, किंवा बारीक छिद्रांचें जाळें लावून बोटाएवढीं पिलें ओढणारा मनुष्य सरकारास फसवीत नसतो. तो आपल्याच मुलांच्या ताटांतला मासा चोरीत असतो. आणि तीं पिलें बाजारांत स्वस्त मिळतात म्हणून घेणारे आपणही त्या चोरींत भागीदार होतों. यासाठीं ज्यांच्या घरीं होडी नाहीं अशा विद्यार्थ्यांसही एक गोष्ट करितां येईल: घरीं मासळी घेतांना पापलेटाचें पिलूं पाटींत दिसलें तर तें घेऊं नये, व कां घेत नाहीं तें कोळणीस आदरानें सांगावें.

प्रभूनें पांच भाकरी व दोन मासे यांनीं पांच हजारांस तृप्त केलें, ही गोष्ट आपण सर्व जाणतों. परंतु त्या गोष्टीचा शेवट आपण पुष्कळदां विसरतों. सर्वजण जेवल्यावर, कांहीं फुकट जाऊं नये म्हणून उरलेले तुकडे गोळा करण्यास त्यानें शिष्यांस सांगितलें. ज्याच्या हातीं अक्षय भांडार होतें त्यानेंच तुकड्यांची काळजी वाहिली. मग आपलें भांडार मोजकें आहे हें ज्यांस आतां कळून चुकलें आहे, त्यांनीं ती किती वाहावी बरें? ॲन्स्ट्रदरच्या त्या दुकानांत रोज सायंकाळीं जो पुडा गिऱ्हाइकाच्या हातीं पडतो त्यांत यहुद्याची पाककला, अमेरिकेचा कंद, कोळ्याचें धैर्य व तळणाऱ्याची दक्षता हीं सर्व एकत्र आलेलीं असतात. एक समुद्र मात्र त्यांत आपल्या इच्छेनें आलेला नसतो, त्यास आपण आणिलेलें असतें. जो आपणहून देण्याचें नाकारूं शकत नाहीं त्याजपासून किती घ्यावें, हें ठरविण्याची जबाबदारी घेणाऱ्यावरच असते.